कागद कुणाच्या कपाटात?

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत. समजा, त्यांतल्या एका घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. बालरोगतज्ज्ञाने इनहेलर लिहून दिला आहे आणि त्या चिठ्ठीची प्रत सरकारी शाळेतल्या नर्सकडे ठेवलेली आहे. मुलगी एक, आजार एक, औषध एक. पण डॉक्टरच्या फाइलमधला कागद एका कायद्याखाली येतो आणि नर्सच्या कपाटातला कागद दुसऱ्या. मात्रा बदलली, तर डॉक्टर नर्सला सरळ फोन करून सांगू शकतो. उपचारासाठीच बोलणे असल्यामुळे आईवडिलांची सही लागत नाही. मात्र या आठवड्यात मुलीला शाळेत किती वेळा इनहेलर घ्यावा लागला, हे आपल्या नोंदवहीत पाहून नर्सने डॉक्टरला कळवायचे, तर आणीबाणी सोडून एरवी पालकांची लेखी संमती हवी. रस्ता तोच, पण जायला मोकळा आणि यायला नाका.

डॉक्टरच्या फाइलला लागू होतो तो हिपा, म्हणजे आरोग्यविम्याचा १९९६चा कायदा. नर्सच्या कपाटाला लागू होतो तो फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींचा १९७४चा कायदा. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या आरोग्याची एखादी नोंद या दोहोंपैकी कशाखाली येते, हा प्रश्न वरवर वकिली कीस काढण्याचा वाटतो. प्रत्यक्षात मुलाच्या आजाराचे कागद आईला दिसणार की नाही, ते वर्गशिक्षकाला वाचता येणार की नाही, आणि पुढे कधी विद्यापीठाशीच भांडण झाले तर विद्यापीठाचा वकील ते उघडणार की नाही, हे सगळे त्या उत्तरावर ठरते.

योगायोग असा की दोन्ही कायद्यांवर राष्ट्राध्यक्षांच्या सह्या २१ ऑगस्टलाच झाल्या. मध्ये बावीस वर्षे गेली. १९७४ साली जेराल्ड फोर्ड यांनी फर्पावर सही केली, तेव्हा निक्सन यांना पायउतार होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. वॉटरगेटने गुप्त फायलींची धास्ती घराघरांत पोहोचवली होती. शाळा मुलांविषयी काय काय लिहून ठेवतात, हे पालकांना पाहू देत नाहीत आणि बाहेरच्यांना मात्र दाखवतात, अशी तक्रार होती. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी ती उचलली आणि सभागृहात थेट दुरुस्ती मांडली. समितीपुढे सुनावणी नाही, तज्ज्ञांच्या साक्षी नाहीत. त्या घाईची किंमत लगेच कळली: त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा दुरुस्त करावा लागला. आज विद्यापीठांच्या दवाखान्यांचा सगळा गोंधळ ज्या कलमाभोवती फिरतो, ते कलम त्या दुरुस्तीतलेच आहे. त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

हिपाची कथा वेगळी. बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली, तेव्हा मुख्य चिंता होती ती नोकरी बदलणाऱ्या माणसाचा आरोग्यविमा तुटू नये ही. गोपनीयतेचे नियम काँग्रेसने तीन वर्षांत स्वतः करायचे असे ठरले होते. ते झाले नाहीत. मग आरोग्य खात्याने डिसेंबर २०००मध्ये नियम काढले, २००२मध्ये सुधारले आणि एप्रिल २००३पासून ते पाळणे बहुतेक रुग्णालयांना, दवाखान्यांना आणि विमा कंपन्यांना बंधनकारक झाले. हे नियम लिहिताना खात्यासमोर प्रश्न आला की शाळेतल्या नर्सचे काय करायचे? ती आरोग्यसेवाच देते, पण तिच्या नोंदींना एक कायदा आधीच लागू आहे. एकाच कागदावर दोन कायदे लादायला नकोत, म्हणून खात्याने ‘संरक्षित आरोग्य माहिती’च्या व्याख्येतूनच फर्पाखालच्या नोंदी वगळल्या.

त्या एका वगळण्यामुळे कसोटी उलटी झाली. आजार कोणता, नोंद करणारा डॉक्टर आहे की शिक्षक, माहिती किती नाजूक आहे, यांपैकी काहीही आधी विचारले जात नाही. विचारले जाते ते एवढेच की कागद कुणाच्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाच्या मालकाला केंद्रीय शिक्षण खात्याचा निधी मिळतो का. निधी घेणारी संस्था, किंवा तिच्या वतीने काम करणारे कुणी, विद्यार्थ्याशी थेट संबंधित नोंद सांभाळत असेल, तर ती नोंद ‘शैक्षणिक’ ठरते. लसींचा तक्ता शैक्षणिक. अपस्माराच्या झटक्याची नोंद शैक्षणिक. शाळेच्या समुपदेशकाने फाइलला लावलेला अहवालही शैक्षणिक; फक्त त्याने स्वतःच्या आठवणीसाठी खरडलेले आणि कुणालाही न दाखवलेले टिपण तेवढे त्यातून सुटते.

सरकारी शाळांचा प्रश्न यातून बहुतांशी मिटतो. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या उपचारांचा खर्च शाळा मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याकडून वसूल करतात आणि बिले संगणकावरून पाठवतात. असे बिल पाठवले की शाळा हिपाच्या भाषेत ‘सेवा देणारी’ ठरते. तरी त्या मुलांच्या नोंदी फर्पाखालीच राहतात, कारण वगळली आहे ती नोंद, संस्था नव्हे. उलट, सरकारी निधी न घेणाऱ्या खासगी शाळेला फर्पा लागूच नाही. तिथली नर्स विमा कंपनीला संगणकीय बिले पाठवत असेल तर हिपा. पाठवत नसेल तर या दोन्हींपैकी कोणताच नाही, फक्त राज्याचा कायदा काय म्हणतो ते पाहायचे. महागडी फी भरणाऱ्या पालकांना हे सहसा कुणी सांगत नाही.

गुंता वाढतो तो दार एक आणि मालक दोन असतात तेव्हा. अनेक शाळांच्या इमारतीत बाहेरच्या रुग्णालयाने चालवलेला दवाखाना असतो. मुलाला ताप आला तर तो कॉरिडॉरच्या डावीकडे शाळेच्या नर्सकडे जाईल किंवा उजवीकडे दवाखान्यात. डावीकडची नोंद फर्पात, उजवीकडची हिपात. नर्सचा पगार काउंटीचे आरोग्य खाते देत असेल, तर ती शाळेच्या वतीने आणि शाळेच्या ताब्याखाली काम करते की नाही, हे करार वाचूनच ठरवावे लागते.

या डाव्या-उजव्याचा सगळ्यांत मोठा परिणाम वयात येणाऱ्या मुलांवर होतो. फर्पा पालकांच्या हक्कासाठी जन्मला. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत किंवा कॉलेजात जाईपर्यंत नोंदी पाहण्याचा हक्क पालकांचा, आणि शाळेने तो पंचेचाळीस दिवसांत पुरा करायचा. हिपातही अल्पवयीन मुलाच्या वतीने साधारणपणे पालकच बोलतात, पण राज्याच्या कायद्याने मुलालाच उपचाराची संमती देण्याचा अधिकार दिला असेल, तर हिपा त्या कायद्याला मान देतो. कॅलिफोर्नियात बारा वर्षांचे मूल काही अटींवर मानसिक समुपदेशनाला स्वतः संमती देऊ शकते. म्हणजे तिथली मुलगी रुग्णालयाच्या दवाखान्यात मन मोकळे करते तेव्हा तिच्या शब्दांवर एक कुलूप असते, आणि शाळेच्या समुपदेशकासमोर करते तेव्हा दुसरे, बरेच सैल. पालकांचा हक्क खोटा नाही; बकलींनी तो मिळवून दिला तेव्हा त्याची गरजच होती. पण मुलीला दार उघडण्याआधी हा फरक कळायला हवा, आणि तो सांगणे मोठ्यांचे काम आहे.

शाळेतल्या शाळेतही फर्पाचे कुलूप वेगळे चालते. ज्याला ‘रास्त शैक्षणिक कारण’ आहे अशा कर्मचाऱ्याला संस्था संमतीशिवाय नोंद दाखवू शकते. शेंगदाण्याची अॅलर्जी वर्गशिक्षकाला माहीत असलीच पाहिजे, तिथे हे योग्यच. पण रास्त कारण कोणते हे ठरवणारी संस्थाच असते.

विद्यापीठात पाऊल ठेवले की तिसराच प्रकार समोर येतो. १९७४च्या डिसेंबरातल्या त्या दुरुस्तीने ‘उपचार नोंदी’ नावाचा एक वर्ग केला: अठरा वर्षांवरील किंवा उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या, डॉक्टर वा मानसतज्ज्ञाने केलेल्या, फक्त उपचारासाठी वापरलेल्या आणि उपचार करणाऱ्यांखेरीज कुणालाही न दाखवलेल्या नोंदी. या नोंदी फर्पाच्या ‘शैक्षणिक नोंदीं’त मोडत नाहीत. हिपाच्या नियमांनी त्याही नावानिशी वगळल्या. म्हणून कॅम्पसवरच्या दवाखान्यातली विद्यार्थ्याची फाइल दोन्ही कायद्यांच्या मुख्य संरक्षणाबाहेर उभी राहते. विद्यार्थ्याला ती स्वतः मागण्याचा हक्कही फर्पा देत नाही. आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून ती तपासून घेता येते, इतकेच. आणि उपचाराशिवाय अन्य कारणासाठी ती कुणाला दाखवली, की त्या क्षणी ती शैक्षणिक नोंद बनते आणि फर्पाचे सगळे नियम, सगळ्या सवलतींसह, तिला लागू होतात.

त्याच दवाखान्यात प्राध्यापकाची पत्नी किंवा गावातला माणूस आला तर त्याच्या नोंदी हिपाखाली येऊ शकतात. हिपाखालची बाजू नीट न सांभाळलेल्या विद्यापीठांना मोठा भुर्दंड बसला आहे. आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोकाटेलोतल्या एका दवाखान्यात फायरवॉल किमान दहा महिने बंद राहिली आणि सुमारे १७,५०० रुग्णांची माहिती उघडी पडली; २०१३ साली विद्यापीठाने चार लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अॅम्हर्स्ट शाखेने २०१६मध्ये साडेसहा लाख डॉलर भरले. तिथे वाचा आणि श्रवण केंद्रातला संगणक बाधित झाला होता. आपले कोणते विभाग हिपाखाली येतात याच्या यादीत विद्यापीठाने हे केंद्र धरलेच नव्हते.

१६ एप्रिल २००७ला व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले आणि स्वतःला संपवले. मृतांमध्ये मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती, आणि जलविज्ञान शिकवणारे मूळचे तमिळनाडूतले एक प्राध्यापकही. गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या समितीने त्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. तो वाचताना सर्वांत जास्त टोचते ती माहितीची तुटलेली साखळी. मारेकऱ्याला शाळेत असताना विशेष मदत मिळत होती. विद्यापीठाला त्याचा पत्ता नव्हता. इंग्रजी विभागाला त्याची भीती वाटत होती; २००५च्या डिसेंबरात न्यायालयीन अधिकाऱ्याने त्याला बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला होता; कॅम्पसवरच्या समुपदेशन केंद्राशी त्याचा संपर्क झाला होता. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. आईवडिलांना यातले काही कळवले गेले नाही.

समितीचा निष्कर्ष असा की अनेक अधिकाऱ्यांना वाटत होते, कायदा आपल्याला बोलू देत नाही. आणि ते वाटणे चुकीचे होते. प्राध्यापकाने वर्गात डोळ्यांनी जे पाहिले ते फर्पाखाली येतच नाही, कारण ती नोंद नव्हे. धोका असेल तर दोन्ही कायदे दार उघडतात. पण कोणता कायदा लागू हेच माहीत नसले की माणूस गप्प बसणे पसंत करतो, कारण गप्प बसल्याबद्दल कुणाला दंड होत नाही. केंद्र सरकारच्या तीन खात्यांनी त्याच वर्षीच्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अहवालातही हाच गोंधळ नोंदला होता. आणखी एक गोष्ट दोन वर्षांनी उजेडात आली: समुपदेशन केंद्रातून हरवलेली त्या विद्यार्थ्याची फाइल २००९च्या जुलैत केंद्राच्या माजी संचालकाच्या घरी सापडली. कपाट कुणाचे, या प्रश्नाचे ते सर्वांत विदारक उत्तर होते.

नंतर दुरुस्त्या झाल्या. नोव्हेंबर २००८मध्ये शिक्षण आणि आरोग्य खात्यांनी दोन्ही कायद्यांवर पहिले संयुक्त मार्गदर्शन काढले. डिसेंबर २००८च्या नियमांनी फर्पातली आणीबाणीची सवलत सैल केली. नेमका सांगता येईल असा गंभीर धोका दिसला तर संस्थेला आता सहसा दोष दिला जात नाही. व्हर्जिनियाने कायदा केला की कॅम्पसवर मानसिक उपचार घेणाऱ्या आणि आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याकडून गंभीर शारीरिक इजेची दाट शक्यता असेल, तर पालकांना कळवलेच पाहिजे. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त मार्गदर्शनाची नवी आवृत्ती आली.

व्हर्जिनिया टेकचा धडा ‘अधिक बोला’ असा होता. आठ वर्षांनी ओरेगॉनने त्याची उलटी बाजू दाखवली, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. ओरेगॉन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने २०१४ साली तीन बास्केटबॉल खेळाडूंवर बलात्काराचा आरोप केला. ती विद्यापीठाच्याच समुपदेशन केंद्रात उपचार घेत होती. २०१५च्या जानेवारीत तिने विद्यापीठावर दावा लावला. त्या सुमारास उघड झाले की तिच्या समुपदेशनाच्या नोंदी विद्यापीठाच्या वकिलांसाठी तिच्या संमतीविना मागवण्यात आल्या होत्या. केंद्रातल्याच दोन कर्मचाऱ्यांनी याला वाचा फोडली. विद्यापीठाचे म्हणणे होते की आपण कायद्याच्या चौकटीत वागलो. आणि खरी अडचण तीच होती: फर्पाच्या नियमांत एक तरतूद आहे की विद्यार्थ्याने संस्थेवर दावा लावला, तर बचावासाठी लागणाऱ्या नोंदी संस्था न्यायालयात संमतीशिवाय आणि आदेशाशिवाय देऊ शकते. ती तरतूद लिहिताना गुणपत्रिका आणि हजेरीपट डोळ्यांपुढे असणार. तिच्या कक्षेत एका मुलीने थेरपिस्टला बंद दाराआड सांगितलेले शब्दही येतात, याचा विचार झालेला दिसत नाही.

त्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाने आठ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. त्याच महिन्यात शिक्षण खात्याने विद्यापीठांना उद्देशून पत्राचा मसुदा काढला आणि २०१६च्या ऑगस्टमध्ये तो पक्का केला: खटला खुद्द त्या उपचाराबद्दल किंवा त्याच्या पैशांबद्दल नसेल, तर विद्यार्थ्याच्या वैद्यकीय नोंदी न्यायालयाच्या आदेशाशिवाय वा संमतीशिवाय वकिलांना वा न्यायालयाला देऊ नयेत, अशा नोंदींना हिपाखाली मिळाले असते तसेच संरक्षण द्यावे. पत्र चांगले आहे. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. १९७४चे कलम आणि नियमातली तरतूद जागच्या जागी आहेत, आणि खात्यात वारा बदलला की पत्रे मागे घेता येतात. विद्यार्थ्याच्या थेरपीच्या नोंदीला तिच्या स्वरूपावरून संरक्षण मिळायला हवे, ती कुणाच्या ताब्यात आहे यावरून नव्हे. हे काँग्रेसने लिहायला हवे, आणि ते आतापर्यंत लिहिले गेले नाही हे लाजिरवाणे आहे.

कारण फर्पा मोडला तर विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात सांगितले की फर्पाच्या भंगासाठी व्यक्तीला स्वतः दावा लावता येणार नाही. शिक्षण खात्याकडे १८० दिवसांत तक्रार करता येते; खात्याचे अंतिम शस्त्र म्हणजे संस्थेचा निधी तोडणे, आणि ते इतके जड आहे की कुणी उचलत नाही. हिपाखालीही रुग्णाला थेट दावा लावता येत नाही, पण तिथे दंड प्रत्यक्ष होतात. अँथम या विमा कंपनीने २०१८मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर भरले. माहिती चोरीला गेली तर हिपा साठ दिवसांच्या आत रुग्णाला कळवायला लावतो. फर्पात तशी सक्तीच नाही, ते राज्यांच्या कायद्यांवर सोडलेले आहे. डिसेंबर २०२४मध्ये हजारो शाळांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीच्या प्रणालीत चोरी झाली आणि काही ठिकाणी मुलांची वैद्यकीय माहितीही गेली, तेव्हा हा फरक कागदावरचा राहिला नाही. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या १९ वर्षांच्या एका कॉलेज विद्यार्थ्याने गुन्हा कबूल केला.

पुण्या-मुंबईच्या पालकांसाठी या साऱ्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मूल कॉलेजात गेले की फर्पाचे हक्क पालकांकडून मुलाकडे जातात, फी कुणीही भरली तरी. अमेरिकन पालकांना मग एक खिडकी उरते: करकायद्याच्या व्याख्येनुसार मूल त्यांच्यावर अवलंबून असेल, तर विद्यापीठ त्यांना शैक्षणिक नोंदी संमतीशिवाय दाखवू शकते. व्हर्जिनियाच्या कायद्यातला ‘अवलंबून’ हा शब्दही याच व्याख्येतून येतो. कोथरूडमधून शिक्षणकर्जाचे हप्ते भरणारे आईवडील अमेरिकेत करविवरण भरत नाहीत, म्हणून मूल सर्वस्वी त्यांच्या पैशावर शिकत असले तरी त्या व्याख्येत सहसा बसत नाही. त्यांच्यासाठी मुख्यतः दोन मार्ग राहतात: मुलाची लेखी संमती किंवा आणीबाणी. ते संमतीपत्र बहुतेक विद्यापीठांच्या संकेतस्थळावर असते, एका पानाचे असते आणि मुलाला ते केव्हाही मागे घेता येते. मात्र विद्यापीठाच्या कार्यालयासाठीचे संमतीपत्र दवाखान्यात चालेलच असे नाही. तिथे बहुधा वेगळे भरावे लागते, आणि मूल कॅम्पसबाहेरच्या रुग्णालयात दाखल झाले तर तिथे हिपा लागू होऊन तिसरे.

मुलाने सही केली नसेल तर? दहा दिवस फोन उचललेला नाही, मित्रही गप्प आहेत, आणि आई रात्री दोनला, तिकडच्या दुपारी, विद्यार्थी कल्याण कार्यालयाला फोन लावते. पलीकडचा अधिकारी बहुधा एवढेच म्हणेल की मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. नोंदीपुरते ते खरे असेल. पण दोन्ही कायदे माहिती देण्यावर बंधन घालतात. माहिती घेण्यावर नाही. मुलाला पूर्वी कोणता त्रास होता, कोणते औषध चालू होते, शेवटच्या फोनवर तो काय म्हणाला, हे आई सांगू शकते, अधिकारी लिहून घेऊ शकतो, आणि कुणाला तरी त्याच्या खोलीचे दार वाजवायला पाठवू शकतो. त्यासाठी कुणाच्याही सहीची गरज नाही.